ध्रुवतारा पाठीशी

फेब्रुवारी महिना इथे 'ब्लॅक हिस्टरी मंथ' म्हणून पाळतात. त्यानिमित्त पाचवीतल्या माझ्या लेकीला शाळेतून काम मिळालं होतं: मुलांसाठी लिहिलेलं इतिहासाचं एक पुस्तक निवडा, त्याची गोष्ट सांगा, त्यातल्या चित्रांबद्दल लिहा आणि शेवटी स्वतः एक चित्र काढा. आम्ही लायब्ररीत गेलो, आणि तिने मांडणीवरून जे पहिलं पुस्तक ओढलं ते उघडताच मी म्हणाले, "अगं, हे तर आग्र्याचे पेटारे!"

पुस्तक होतं 'हेन्रीज फ्रीडम बॉक्स'. एलन लेव्हाइन यांनी लिहिलेलं, कदीर नेल्सन यांनी चित्रं काढलेलं, २००७ साली आलेलं. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये तंबाखूच्या कारखान्यात राबणारा हेन्री ब्राऊन हा गुलाम मार्च १८४९मध्ये स्वतःला एका लाकडी खोक्यात बंद करून टपालाच्या मालासारखा फिलाडेल्फियाला पाठवतो, ही त्यातली गोष्ट. खोकं तीन फूट लांब, पावणेतीन फुटांच्या आतबाहेर उंच आणि दोन फूट रुंद. प्रवास साडेतीनशे मैलांचा, सत्तावीस तासांचा. वाटेत खोकं उलटं ठेवलं जातं आणि हेन्री डोक्यावर उभा राहतो. नेल्सन यांनी हेन्रीची तऱ्हेतऱ्हेची अवघडलेली अवस्था एकापाठोपाठ एक काढली आहे. लेक बराच वेळ त्याच पानावर होती.

मी मात्र पुण्यात पोचले होते. चौथीचं 'शिवछत्रपती', बालभारतीचं. आग्र्याहून सुटका हा धडा आमच्या वर्गात प्रत्येकाला तोंडपाठ होता, आणि धड्यापेक्षाही पाठ होती ती चित्रं. मिठाईचे पेटारे, पहारेकरी, अंधार. १६६६ साली नेमकं काय घडलं, पेटाऱ्यांत कोण बसलं आणि कोण वेष बदलून निघालं, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही हे मला खूप नंतर कळलं. पण डोळे मिटले की आजही पेटाराच दिसतो. वाचलेलं दुरुस्त करता येतं, लहानपणी पाहिलेलं फार चिवट असतं.

आपल्याकडे याचा एक मोठा दाखला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र सर्रास छापलं जाई, ते मुळात इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुनी डच साधनं धुंडाळून महाराजांचं समकालीन चित्र शोधलं आणि १९३३ साली ते लोकांपुढे आणलं. तोवर किती मुलांनी तो दुसराच चेहरा मनात धरून पोवाडे ऐकले असतील! गोष्ट खरी, भक्ती खरी, चेहरा मात्र दुसऱ्याचा.

म्हणून लेकीला म्हटलं, "गोष्ट तू लिही. चित्रांचं मात्र आपण दोघी मिळून तपासू."

हेन्रीपासूनच सुरुवात केली. नेल्सन यांनी हवेतून चित्रं काढलेली नाहीत. १८५० साली सॅम्युअल राऊझ या चित्रकाराचं एक शिळाछाप चित्र प्रसिद्ध झालं होतं. फिलाडेल्फियातल्या कार्यालयात खोक्याचं झाकण उघडलंय, हेन्री आतून वर येतोय आणि भोवती लोक उभे आहेत, असं ते चित्र. त्यातल्या बारीक आडव्यातिडव्या रेघांची धाटणी नेल्सन यांनी मुद्दाम उचलली. पुस्तकाचं धाडसही मोठं आहे. हेन्रीची बायको आणि मुलं विकली जातात, ती गाडीतून नेली जात असताना तो रस्त्यावर उभा राहून पाहतो, हे पान मुलांच्या पुस्तकात ठेवायला छाती लागते.

पण हेन्री मोकळा होतो आणि पुस्तक मिटतं. पुढे काय झालं? १८५० साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा झाला. स्वतंत्र उत्तरेतही जीव सुरक्षित उरला नाही, आणि हेन्री इंग्लंडला निघून गेला. त्याआधीच त्याने एक काम केलं होतं. गुलामगिरीची लांबच लांब चित्रमाला कापडावर रंगवून घेतली होती. गुंडाळी उलगडत जायची, एकेक चित्र पुढे सरकायचं आणि हेन्री बाजूला उभा राहून सांगायचा. मी लेकीला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींबद्दल सांगितलं. तेही एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा लावतात. फरक एवढाच, की हेन्री स्वतःचीच कथा सांगत होता. तो वारला १८९७ साली, टोरोंटोत. आपल्या घरापासून गाडीने चार तासांवर. "मग हे पुस्तकात का नाही?" लेकीचा प्रश्न. कारण मुलांच्या पुस्तकाला शेवट लागतो, आणि माणसाचं आयुष्य शेवटच्या पानाचं ऐकत नाही.

दुसरं पुस्तक तिने स्वतः शोधून आणलं: जेनेट विंटर यांचं 'फॉलो द ड्रिंकिंग गूर्ड', १९८८चं. ड्रिंकिंग गूर्ड म्हणजे पाणी प्यायचा भोपळ्याचा डवला, म्हणजेच आकाशातले आपले सप्तर्षी. एक लाकडी पायाचा खलाशी गुलामांना गाणं शिकवतो, गाण्यात वाटेच्या खुणा दडवलेल्या, आणि ते कुटुंब सप्तर्षी व ध्रुवतारा पाहत उत्तरेकडे चालत राहतं. चित्रं सुंदर आहेत: निळ्या रात्री, टेकड्या, तारे. मात्र हे गाणं पहिल्यांदा छापलं गेलं ते १९२८ साली, गुलामगिरी संपून साठ वर्षं उलटल्यावर. ते पळणाऱ्यांच्या तोंडी खरोखरच होतं का, याची अभ्यासकांना दाट शंका आहे. तारे मात्र खरे. उत्तर ओळखायला ध्रुवाचा आधार घेतल्याचं त्या काळच्या अनेकांनी सांगून ठेवलं आहे.

या पुस्तकावरून लेकीने आपल्या चित्राचा कच्चा आराखडा काढला. खाली अमेरिका, मध्ये नदी, वर कॅनडा, आणि कॅनडाच्या डोक्यावर ठळक ध्रुवतारा. कॅनडा वरच असणार ना! शाळेच्या भिंतीवरचा नकाशाही तेच सांगतो.

"चल, कोट घाल," मी म्हटलं.

आम्ही नदीकाठी गेलो. विंडसरमध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते: आमच्या गावाची भूगोलाने थट्टा केली आहे. इथे डेट्रॉइट नदी अशी वळते, की अमेरिकेतलं डेट्रॉइट आमच्या उत्तरेला येतं आणि कॅनडातलं विंडसर दक्षिणेला. नदीची रुंदी जेमतेम अर्धा मैल. पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतात. थंडीने नाक बधिर झालं होतं, शहरांच्या उजेडात तारे फिकट, तरी शोधून ध्रुव सापडला. डेट्रॉइटच्या उंच इमारतींच्या वर. अमेरिकेवर.

लेक माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे ते लोक इथून जाताना..."

होय. केंटकीहून, टेनेसीहून शेकडो मैल ध्रुव समोर ठेवून चालत आलेली माणसं इथे शेवटच्या अर्ध्या मैलासाठी दक्षिणेकडे वळत. ध्रुवतारा तेव्हा त्यांच्या पाठीशी असे. थोडं खाली, अ‍ॅम्हर्स्टबर्गपाशी, नदी दक्षिणेकडे वाहते आणि तिथून ओलांडणारे पूर्वेकडे जात. पण सरळ उत्तरेला जाऊन कॅनडा लागतो हे चित्र आमच्या काठाला लागू पडत नाही. पुण्यात माझ्या वडिलांनी गच्चीवरून दाखवलेला ध्रुव क्षितिजापासून अठराच अंशांवर, धुरकटात अडकलेला असे. इथे तो बेचाळीस अंशांवर आहे. तारा तोच, आपण कुठे उभे आहोत त्यावर तो कुठे दिसणार हे ठरतं.

परतताना पिट स्ट्रीटवरच्या स्मारकापाशी थांबलो. २००१ साली एड ड्वाइट या शिल्पकाराने नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच स्मारक उभं केलं. डेट्रॉइटच्या काठावर माणसांचा घोळका आहे आणि एक जण हात लांब करून विंडसरकडे बोट दाखवतोय. तो जॉर्ज डीबॅप्टिस्ट. आमच्या बाजूला 'टॉवर ऑफ फ्रीडम' आहे. पोचलेला माणूस दोन्ही हात वर करून उभा आहे, बाळ घेतलेल्या आईला एक बाई आधार देते आहे. आणि मागच्या बाजूला, सहज नजरेतून सुटेल अशी, एक लहान मुलगी. हातात बाहुली, तोंड डेट्रॉइटकडे. ती मागे वळून बघते आहे. लेक तिच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली.

डीबॅप्टिस्टबद्दल घरी येऊन वाचलं. 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हटलं की मुलांना भुयारातली आगगाडी वाटते. प्रत्यक्षात ना रूळ, ना भुयार. लपायची घरं, वाट दाखवणारी माणसं आणि सांकेतिक शब्द, एवढंच. डेट्रॉइटचं सांकेतिक नाव होतं 'मिडनाइट'. आता या माणसांचं चित्र पाठ्यपुस्तकांत कसं येतं? बहुतेक वेळा चार्ल्स वेबर यांचं १८९३चं तैलचित्र छापतात. बर्फ पडलंय, गाडीतून थकलेले कृष्णवर्णीय उतरतायत आणि लिव्हाय कॉफिन, त्यांची पत्नी कॅथरीन वगैरे गोरी मंडळी त्यांना हात देतायत. कॉफिन दांपत्याचं काम खरंच मोठं होतं. पण चित्र पाहून मुलाला वाटतं, की कृष्णवर्णीयांच्या वाट्याला केवळ उतरणं आलं. डेट्रॉइटमध्ये हे काम मुख्यतः तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी चालवलं. डीबॅप्टिस्टने तर एक आगबोटच विकत घेतली. कृष्णवर्णीयाला कप्तानाचा परवाना मिळत नसे, म्हणून पगार देऊन गोरा कप्तान ठेवला, आणि बोट नदीतून ये-जा करत राहिली. असं चित्र पाठ्यपुस्तकात मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरं पुस्तक आमच्या गावचंच म्हणायला हवं. क्रिस्टोफर पॉल कर्टिस मूळचे मिशिगनमधल्या फ्लिंटचे. मोटारीच्या कारखान्यात तेरा वर्षं दारं बसवली, मग विंडसरला आले आणि इथल्या सार्वजनिक लायब्ररीत बसून आपली पहिली कादंबरी लिहिली. त्यांची 'एलायजा ऑफ बक्स्टन' २००७ची. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी सन्मान आणि कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार मिळाला. ही चित्रांची गोष्ट नाही, साडेतीनशे पानांच्या आसपासची कादंबरी आहे. आम्ही ती रोज रात्री थोडी थोडी मोठ्याने वाचली.

गोष्टीचा काळ १८६०च्या सुमाराचा. अकरा वर्षांचा एलायजा हा बक्स्टन वस्तीत स्वतंत्र जन्माला आलेला पहिला मुलगा. त्याची ख्याती मात्र वेगळीच: तान्हा असताना थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी त्याला उचलून घेतलं, तेव्हा तो त्यांच्यावर ओकला होता. लेक हसून हसून लोळली. मग हसू हळूहळू विरत गेलं. वस्तीतल्या एका माणसाने बायको-मुलांना विकत घेऊन सोडवण्यासाठी साठवलेले पैसे चोरीला जातात. एलायजा त्याच्याबरोबर नदी ओलांडून मिशिगनला जातो आणि तिथे एका तबेल्यात साखळदंडांनी बांधलेली माणसं त्याला दिसतात. स्वातंत्र्यात जन्मलेल्या मुलाने गुलामगिरी पाहण्याची ही पहिलीच वेळ. त्या सगळ्यांना सोडवणं त्याच्या हातात नाही. एक आई आपलं तान्हं बाळ त्याच्याकडे देते. तेवढं घेऊन तो परत निघतो.

त्या रात्री लेक काही बोलली नाही. दिवा मालवल्यावर म्हणाली, "याला चित्रं नाहीत ते बरंय."

बक्स्टन आमच्यापासून तासाभरावर, चॅटमच्या जवळ. रेव्हरंड विल्यम किंग यांनी १८४९ साली पंधरा मुक्त केलेल्या गुलामांसह ही वस्ती वसवली. हे पंधरा जण मुळात किंग यांच्याच मालकीचे होते, बायकोच्या माहेरच्या नात्याने आलेले. प्रत्येक कुटुंबाला पन्नास एकर जमीन, एकरी अडीच डॉलर, दहा वर्षांत फेड. घर किमान चोवीस बाय अठरा फुटांचं, रस्त्यापासून तेहतीस फूट आत, पुढे कुंपण आणि फुलझाडं, अशा अटी. १८५० साली पिट्सबर्गच्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी वस्तीला एक घंटा भेट पाठवली. शाळा इतकी चांगली निघाली, लॅटिन-ग्रीक शिकवणारी, की आसपासच्या गोऱ्यांनी आपली मुलं तिथे घातली. नदी ओलांडल्यावर संपणाऱ्या पुस्तकांत हे काही येत नाही: जंगल तोडणं, हप्ते भरणं, कुंपणाला रंग देणं.

आणि हा काठ काही स्वर्ग नव्हता. बक्स्टन वसू नये म्हणून चॅटममध्ये एडविन लारविलच्या पुढाकाराने जोरदार विरोध झाला. त्याच्याही मागे गेलं तर आणखी अवघड पान लागतं. इथेही गुलाम होते. १७९३च्या कायद्याने नवे गुलाम आणायला बंदी केली, पण असलेले तसेच ठेवले, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पंचविसाव्या वर्षी सुटका. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द होण्याची तारीख १ ऑगस्ट १८३४. त्याआधी या नदीतून दोन्ही दिशांना माणसं पळत. १८०७ साली डेट्रॉइटच्या न्यायाधीश वुडवर्ड यांनी डेनिसन कुटुंबातल्या मुलांची सुटका नाकारली, तेव्हा लिझेट डेनिसन नदी ओलांडून इकडे आली. त्याच वर्षी आमच्या सँडविचहून तिकडे पळालेल्या दोघांना परत द्यायलाही त्याच न्यायाधीशांनी नकार दिला. एकच नदी, एकच वर्ष, आणि स्वातंत्र्य दोन्ही काठांवर. शाळांचं विचाराल, तर ऑन्टारिओतली कृष्णवर्णीयांची शेवटची वेगळी शाळा आमच्याच एसेक्स काउंटीत, कोल्चेस्टरला होती. ती बंद झाली १९६५ साली.

हे सगळं ऐकून लेकीने विचारलं, "आई, आपण यातल्या कुठल्या बाजूला होतो?"

"आपण इथे नव्हतोच गं." उत्तर तोंडातून निघालं आणि मलाच ते अपुरं वाटलं. कारण मला जोतीराव फुले आठवले. रायगडावरच्या राजावर १८६९ साली पवाडा लिहिणारे जोतीराव. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवलं होतं. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या बाबतीत हा कित्ता गिरवावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी संपून आठ वर्षं होत नाहीत तोच पुण्यातल्या एका माणसाने या नदीकाठच्या गोष्टीत आपलं गाव पाहिलं होतं. मी त्याच पुण्यात शिकले. चौथीत मला पेटारे पाठ होते. हे अर्पण मी पहिल्यांदा वाचलं ते परदेशात येऊन.

मग लेकीला आजोळच्या मागच्या दाराची गोष्ट सांगितली. तिथल्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. संडास झाडायला येणाऱ्या बाईंना चहा त्याच कपात मिळायचा, वरून ओतलेला. त्या तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवत. मी सात-आठ वर्षांची होते. तो कप आपल्या कपांत का येत नाही, हे मी कधी विचारलं नाही.

लेक लगेच म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

मला आठवेना. रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आई आधी म्हणाली, "तेव्हा तसंच असायचं गं सगळीकडे, आता कशाला ते?" मग बराच वेळ गप्प राहिली. कप तिला आठवत होता, त्यावरची निळी फुलंसुद्धा. नाव नाही. मामाला विचारते म्हणाली. मामालाही आठवलं नाही. 'मागची बाई' एवढंच सगळे म्हणत.

चित्र शेवटी असं झालं: वर डेट्रॉइट, त्याच्या डोक्यावर ध्रुवतारा, मध्ये नदी, खाली विंडसर. होडीत वल्हं मारणारा माणूस कृष्णवर्णीय आहे. काठावर बाहुली घेतलेली मुलगी मागे बघते आहे. कोपऱ्यात एक घर, कुंपण आणि तीन फुलझाडं. शाळेतून परत आल्यावर ते आम्ही फ्रीजवर लावलं. पुढच्या कॉलवर आजीने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझा कॅनडा खाली कसा?" लेकीने फोन हातात घेतला आणि अर्धा तास तिला नदी समजावून सांगितली.

फोन ठेवता ठेवता आई मला म्हणाली, "शेजारच्या काकूंना विचारून बघते. त्यांना कदाचित ठाऊक असेल."